कुलपाआडची खोली

दिवाळी तोंडावर आली की घरोघर माळे उतरवले जातात. वर्षभर अंधारात बसलेल्या वस्तू उजेडात येतात आणि त्यांच्यात बहुधा एक ट्रंक असतेच. कोपरे चेपलेले, कडी सैल झालेली, झाकणावर पांढऱ्या रंगाने लिहिलेले नाव निम्मे पुसलेले. तरुण मंडळी म्हणतात, "भंगारात देऊन टाका." वडील मंडळी म्हणतात, "असू द्या, पत्रा चांगला जाड आहे." वाद फार वेळ चालत नाही, कारण चकलीची भाजणी वाट पाहत असते. ट्रंक पुन्हा माळ्यावर जाते, नाहीतर किलोच्या भावाने विकली जाते.

किलोच्या भावाने विकावी अशी ही वस्तू नाही, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. तलवारीला वस्तुसंग्रहालयात जागा मिळते, बखरीला संशोधक मिळतो. ट्रंकेला यांपैकी काहीच मिळत नाही. पण गेल्या दीडशे वर्षांत आपल्याकडच्या सामान्य माणसाला 'ही माझी' असे म्हणता येईल अशी जी पहिली जागा मिळाली, ती घर नव्हती की खोली नव्हती. ती कुलूप लावता येणारी एक पेटी होती. तिची डागडुजी करून तिला पुन्हा घरात आणायचे, तर आधी ती कोठून आली हे पाहिले पाहिजे.

ट्रंकेच्या आधी आपला प्रवासी काय नेत असे? वेदशास्त्रसंपन्न विष्णुभट गोडसे १८५७ साली कोकणातल्या वरसईहून उत्तरेकडे निघाले, ते पायी. त्यांचा 'माझा प्रवास' हा वृत्तांत १९०७ साली भारताचार्य चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला, तो पुष्कळांनी वाचला असेल. गोडसेभटजी बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला, जवळची कमाई लुटली गेली. गंगेच्या पाण्याची कावड मात्र त्यांनी घरी आणली. त्या काळी प्रवाशाची मालमत्ता म्हणजे कमरेचा कसा, खांद्यावरची पडशी आणि पाठीवरचे गाठोडे. श्रीमंताचा प्रवास पालखीतून होई आणि त्याचे कपडे पेटाऱ्यांतून जात. कावडीच्या दोन टोकांना दोन पेटारे टांगून हमाल पालखीमागून धावत असे. ही रीत गोऱ्या साहेबांनीही उचलली आणि 'पेटारा' हा शब्द त्यांच्या बोलीत जाऊन बसला. पेटाऱ्याचे वजन शेवटी माणसाच्या खांद्यावर पडे, म्हणून तो हलका हवा, लहान हवा. बाकी सामान ज्याच्याजवळ असेल त्याने बैलावर लादावे, नाहीतर मागे ठेवून जावे.

वाफेने हे सारे बदलले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. साहेब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने, चौदा डबे आणि सुमारे चारशे निमंत्रित. दहा वर्षांनी, १८६३ साली, बोरघाटातून लोहमार्ग वर चढला. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि आफ्रिकेला वळसा घालून होणारा विलायतेचा प्रवास काही महिन्यांवरून काही आठवड्यांवर आला. आता वजन इंजिनाच्या खांद्यावर होते. माणूस प्रथमच आपले सामान डोळ्यांआड सोडून, ते दुसऱ्या टोकाला मिळेल अशा भरवशाने प्रवास करू लागला. सामान डोळ्यांआड जाणार म्हटल्यावर कुलूप आले, नाव आले आणि मजबूत कोपरे आले. या तीन गोष्टी एकत्र आल्या की ट्रंक झाली.

'ट्रंक' म्हणजे इंग्रजीत झाडाचे खोड. फार पूर्वी युरोपात खोड पोखरून पेट्या करीत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. घोडागाडीच्या काळात तिकडच्या ट्रंकांची झाकणे घुमटासारखी फुगीर असत, म्हणजे गाडीच्या टपावर पावसाचे पाणी निथळून जाई. पण फुगीर झाकणावर दुसरी पेटी राहत नाही, आणि बोटीच्या तळघरात व रेल्वेच्या वाघिणीत तर पेट्यांची उतरंड रचावी लागते. या अडचणीवर पॅरिसमधल्या एका कारागिराने उपाय काढला. त्याचे नाव लुई व्हिताँ. फ्रान्सच्या डोंगराळ जुरा प्रांतातला हा मुलगा लहानपणी घर सोडून पायी निघाला आणि १८३७ साली पॅरिसला पोहोचला. तेथे पेट्या करणाऱ्या व सामान बांधून देणाऱ्या एका उस्तादाकडे तो उमेदवारीला राहिला. १८५४ साली त्याने स्वतःचे दुकान थाटले आणि १८५८ साली सपाट झाकणाची, राखी रंगाच्या जलरोधक कॅनव्हासने मढवलेली हलकी ट्रंक बाजारात आणली. तिच्या इतक्या नकला झाल्या की पुढे त्याला कापडावरचा पट्टा बदलावा लागला आणि १८९६ साली त्याच्या मुलाने, जॉर्जने, त्यावर बापाच्या नावाची आद्याक्षरे छापली. आज ती अक्षरे मिरवण्याची गोष्ट झाली आहे. मुळात ती चोराला ओळखू यावीत म्हणून आली.

एवढे कळले म्हणजे माळ्यावरच्या पेटीकडे पाहून तिचे कूळ सांगता येते. उंचीला सुमारे चौदा इंच, रुंद आणि बसकी पेटी असेल तर ती केबिन-ट्रंक. बोटीतल्या बिछान्याखाली सरकवता यावी म्हणून ती ठेंगणी. लाकडी पट्ट्या, पितळी कोपरे आणि आत कॅनव्हास असेल तर ती बोटीच्या पोटातून आलेली. नाक जवळ नेताच कापराचा वास आला तर ती चीनच्या व्यापारातून आलेली कापूरलाकडाची पेटी. त्या लाकडाला कसर शिवत नाही, म्हणून गरम कपड्यांसाठी तिला मोठी मागणी असे. कड्या बाहेर न येता लाकडात बसवलेल्या असतील तर ती पलटणीतल्या अंमलदाराची. एकमेकींना खेटून रचताना कड्या अडू नयेत म्हणून ही युक्ती. आणि सगळीकडून पत्राच पत्रा असेल, तर ती आपली.

पत्र्याची ट्रंक आपल्याकडे एवढी रुजली याचे कारण आपली हवा. युरोपातल्या कातडी ट्रंकेला आपल्या पावसाळ्यात बुरशी येते आणि लाकडाला वाळवी लागते. पत्र्याला वाळवी खात नाही. गंजाला मात्र रंग हाच उपाय. म्हणून काळा, हिरवा किंवा तपकिरी रंग, त्यावर कोणी हौसेने काढलेली गुलाबाची फुले, आणि झाकणावर नाव, गाव, तालुका, जिल्हा. ज्याला सही करता येत नव्हती अशाही माणसाचे नाव त्याच्या ट्रंकेवर ऐटीत लिहिलेले असे. पुष्कळांच्या बाबतीत त्यांचे नाव रंगवून लिहिलेली तेवढी एकच जागा जगात होती.

या पेटीबरोबर माणसे कोठल्या कोठे गेली! १८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टरीच्या शिक्षणासाठी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला गेल्या. वय अवघे अठरा, आणि नवरा बरोबर नाही. १९१३ साली भीमराव आंबेडकर बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. १९१७ साली लंडनहून परतताना ते एका बोटीने आले आणि त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने निघाले. महायुद्ध चालू होते. जर्मन पाणबुडीने ती बोट बुडवली आणि पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. त्या नुकसानभरपाईचे जे सुमारे सहाशे रुपये आले, त्यांतून त्यांनी बडोद्याला नोकरीवर रुजू होण्याचा खर्च भागवला. बडोद्यात काय झाले ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. एका धर्मशाळेत नाव बदलून ते राहिले, तर जात कळताच लोक काठ्या घेऊन दारात आले. परदेशात शिकून आलेल्या त्या माणसाने मुंबईची रात्रीची गाडी सुटेपर्यंतचे तास एका सार्वजनिक बागेत बसून काढले.

हा प्रसंग मी मुद्दाम सांगितला. ट्रंक माणसाला जगभर नेऊ शकते. पण पोहोचल्यावर ती टेकवायला कोणी जागा दिली नाही, तर तिचे कुलूप काय कामाचे? याच माणसाने पुढे दादरला 'राजगृह' बांधले, त्यात पुस्तकांसाठी प्रशस्त जागा ठेवली. समुद्रात गेलेल्या पेट्यांना दिलेले उत्तरच ते!

आता विलायतेहून गिरणगावात येऊ. मुंबईच्या गिरण्यांत राबणारा गडी कोकणातून किंवा घाटावरून येई, तो ट्रंक आणि वळकटी घेऊन. बायको-मुले गावी. राहण्याची सोय खाणावळीत, नाहीतर गावकीच्या खोलीत. १९२०नंतर सरकारने बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतली खोली १६० चौरस फुटांची, आणि गावकीच्या अशा एकेका खोलीत माणसे वीस-वीस, तीस-तीस. सगळे एकदम आत मावतच नसत. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर आडवी होई. तेथे कोणाला कोपरा नव्हता, खाट नव्हती, खिडकी नव्हती. भिंतीला लागून ट्रंका मात्र रांगेने रचलेल्या असत. त्यांत धुतलेला सदरा, गावाकडची पत्रे, मनीऑर्डरीच्या पावत्या, देवाची तसबीर, आणि गणपतीला गावी जाताना न्यायचे मुलीचे परकराचे कापड. तीस माणसांच्या खोलीत तीस कुलुपे. म्हणजे खोलीत तीस खोल्याच होत्या म्हणा ना! कोणी कोणाच्या ट्रंकेला हात लावीत नसे. हा अलिखित कायदा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि पुष्कळांना परत कामावर जाणे मिळालेच नाही. त्या ट्रंका एस. टी.च्या टपावरून गावी परतल्या. आज कोकणातल्या कित्येक घरांच्या माळ्यांवर त्याच आहेत. त्या चाळींच्या जागी मात्र आता मनोरे उभे राहत आहेत.

दुसरी ट्रंक घरातल्या सुनेची. जुन्या वाड्यात पुरुषांची ओसरी असे, देवाचे देवघर असे, धान्याचे कोठार असे. सुनेची अशी खोली कोठे होती? माजघर सर्वांचे आणि स्वयंपाकघर सासूबाईंचे. माहेराहून बरोबर आलेली ट्रंक तेवढी तिची. त्यात लुगडी, चार डाग, आईने गुपचूप दिलेले दहा रुपये. आणि ती लिहायला शिकलेली असली तर एखादी वही. बाईच्या शिकण्याला घरातूनच केवढी टोचणी सोसावी लागे, ते रमाबाई रानड्यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत वाचायला मिळते. स्त्रीधनाला शास्त्राची मान्यता जुनी होती. पण ते सांभाळायला कुलूप लागते, हे शास्त्रकारांना सुचले नसावे. हिंदू वारसा कायदा १९५६ साली झाला, महाराष्ट्राने मुलींना वडिलार्जित मिळकतीत जन्मतः हक्क १९९४ साली दिला, आणि सबंध देशात तो २००५ साली आला. तोवर आपल्याकडच्या असंख्य बायकांची खरी स्थावर-जंगम मिळकत त्या पत्र्याच्या चार भिंतींत होती. किल्ली कमरेला खोचलेली असे, ती उगीच नव्हे.

ट्रंकेचे कुलूप बळकट झाले ते मुंबईतच. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागेत, म्हणजे ऐन गिरणगावात, कुलुपांचा कारखाना काढला. पण ट्रंकेची गादी काढून घेतली तीही त्याच घराण्याने. १९२३ साली त्यांचे पोलादी कपाट आले आणि हळूहळू लग्नात ट्रंकेऐवजी कपाट देण्याची पद्धत पडली. प्रवासात ट्रंकेला हटवले सुटकेसने. १९७२ साली अमेरिकेत बर्नार्ड सॅडो याला चाकांच्या सुटकेसचे पेटंट मिळाले, आणि हमालाच्या डोक्यावरचा भार प्रवाशाच्या हाती आला. ट्रंकेचा प्रवास संपला. आता तिला घरात बसवायचे आहे.

हे काम अवघड नाही, मात्र घाईचे नाही. पहिला नियम असा की, काही घासण्यापूर्वी वाचावे. झाकणावरचे नाव, बोटीची किंवा रेल्वेची चिठ्ठी, आतल्या अस्तराला लावलेला जुन्या वर्तमानपत्राचा कागद, कारखान्याचा शिक्का, हे सर्व उजेडात पाहावे, वहीत उतरवावे आणि छायाचित्र घ्यावे. वर्तमानपत्रावर तारीख असेल तर ते अस्तर केव्हा लावले याचा अदमास घरबसल्या लागला. ही अक्षरे हेच ट्रंकेचे कागदपत्र. चकचकीत रंगाखाली ती गेली, तर ट्रंक नवी दिसेल, पण अनाथ होईल.

मग ती सावलीत, वाऱ्यावर उघडी ठेवावी. कडक उन्हात लाकूड तडकते आणि कातडे आकसते. मऊ कुंचल्याने धूळ काढावी. कोंदट वास जात नसेल तर आत लाकडी कोळशाचे तुकडे उघड्या भांड्यात ठेवून चार-आठ दिवस झाकण लावावे. लाकडात बारीक भोके दिसली आणि खाली पिठासारखा भुसा पडत असला, तर किडा अजून जिवंत आहे असे समजावे. त्याचा बंदोबस्त केल्याशिवाय ती पेटी इतर सामानाजवळ नेऊ नये.

धातूची परीक्षा लोहचुंबकाने होते. पिवळ्या कोपऱ्याला चुंबक चिकटले तर ते पितळ नव्हे, पितळेचा मुलामा दिलेले लोखंड. जोराने घासल्यास मुलामा निघून जाईल. खरे पितळ चिंचेने उजळते हे घरातल्या बायकांना सांगायला नको, पण आंबट पाणी शेजारच्या कातड्यात किंवा कापडात मुरू देऊ नये, आणि लगेच पुसून कोरडे करावे. पत्र्याचा गंज रॉकेलच्या बोळ्याने आणि बारीक तारेच्या घासणीने निघतो. मात्र जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव फार. असा रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये; ओला करून, नाकाला फडके बांधून, मुलांना दूर ठेवून काम करावे. पत्रा फाटला असेल तर तो झाळून घ्यावा, चेपला असेल तर आतून लाकडी हातोडीने हलके ठोकावे. सगळे पोचे काढण्याचा हट्ट धरू नये. एखादा पोचा बोरीबंदराच्या फलाटावर पडलेला असेल, राहू द्यावा.

लाकडी पट्ट्यांना जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा आणि वर मेण. तेलाचे बोळे मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना तापते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. तो पसरून वाळवावा किंवा पाण्यात बुडवावा. कातडी मूठ तुटली असेल तर चांगल्या चर्मकाराकडून त्याच मापाची करून घ्यावी आणि जुनी मूठ पेटीतच जपून ठेवावी. आत नवे अस्तर हवे असेल, तर जुन्यावर न चिकटवता धुतलेली मलमल सुटी अंथरावी.

एक गोष्ट फार महत्त्वाची. पुष्कळ जुन्या पेट्यांचे खटके झाकण पडताच आपोआप बसतात आणि आतून उघडत नाहीत. लपाछपीत मूल आत शिरले तर काय होईल ते सांगायला नको. असा खटका काढून टाकावा किंवा कायमचा उघडा करून ठेवावा, आणि कुलूप बाहेरच्या कडीकोयंड्याला लावावे. झाकण हातावर आदळू नये म्हणून दोन्ही बाजूंना साखळी लावावी. पेटी जमिनीवर न टेकवता दोन-दोन इंचांच्या लाकडी ठोकळ्यांवर ठेवावी, म्हणजे पावसाळ्यात तळाला ओल येत नाही.

अशी तयार झालेली पेटी दिवाणखान्यात बैठक म्हणून शोभते, चहाचे टेबल म्हणून चालते. गोधड्या आणि गरम कपडे तिच्यात उत्तम राहतात. पैठणी ठेवायची असेल तर मलमलीत गुंडाळावी आणि दर काही महिन्यांनी घड्या बदलाव्या, नाहीतर जर घडीवर तुटते. वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेवला की कसर येत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद लावावा: ही पेटी कोणाची, कोणत्या गावाहून कोठे गेली, केव्हा आली, दुरुस्ती कोणी आणि कोणत्या साली केली. घरात ज्याचे अक्षर चांगले असेल त्याने लिहावे. आपल्या कुळाचा इतिहास एवढ्या स्वस्तात कोठेही छापून मिळणार नाही.

राहिली किल्ली. आजच्या दोन खोल्यांच्या घरातही ज्याला स्वतःचा कोपरा नाही असे एखादे माणूस असतेच. बहुधा ती आजी असते. तिची गादी रात्री बैठकीच्या खोलीत पडते आणि सकाळी उचलली जाते. तिच्या वस्तू सर्वांच्या कपाटातल्या एका खणात असतात, आणि तो खण कोणीही उघडतो. यंदा पेटी दुरुस्त झाली की ती तिच्या गादीजवळ ठेवा, पाडव्याच्या दिवशी किल्ली तिच्या हाती द्या, आणि आत काय ठेवले हे तिला विचारू नका.